डाव्या बांधाचा पंचनामा

किर्गिझस्तानातल्या एकोणचाळीस फुटबॉल सामन्यांच्या पंचनाम्यांवर माझी सही आहे. मी किर्गिझस्तानला कधी गेलेलो नाही. फुटबॉल मला कळत नाही. लातुरात औसा रोडच्या एका कॉलनीत राहून मी क्लासच्या पोरांना बेडकाचं हृदय आणि माणसाचं मूत्रपिंड शिकवतो, आणि माझ्या समोरच्या घरात नागनाथअप्पा राहतात, एवढाच काय तो माझा गुन्हा.

नागनाथअप्पा म्हणजे निवृत्त सरकारी मोजणीदार. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी नांदेड-लातूरच्या शेतांतून साखळी ओढली, भावाभावांच्या बांधावर उभं राहून शिव्या खाल्ल्या आणि कुणाची जमीन कुठं संपते ते सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा बसवराज, म्हणजे बसू, किर्गिझस्तानातल्या एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. रीतसर करार करून, पगारी. डाव्या बाजूला मागं उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्याला आत शिरू द्यायचं नाही, हे त्याचं काम. त्याचा सामना असला की अप्पा तो टीव्हीवर इंटरनेटवरून लावतात, दोन पंच बोलावतात आणि शेवटची शिट्टी वाजली की फुलस्केप कागदाखाली कार्बन घालून घडल्या प्रकाराचा पंचनामा लिहितात. पंच नंबर एक मी. पंच नंबर दोन रज्जाकभाई, ज्यांची पिठाची गिरणी अप्पांच्या भिंतीला लागून आहे. रज्जाकभाई दर वेळी पिठानं पांढरे झालेले येतात आणि सही करताना कागदावर थोडं ज्वारीचं पीठ सांडून जातात. अप्पा ते फुंकून कागद फाईलला लावतात.

नमुन्यादाखल एक उतारा देतो, म्हणजे मी काय सोसलं ते कळेल. ‘आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, आज रोजी इसम नामे बसवराज यांस डाव्या हद्दीवर उभे केले असता, निळ्या कपड्यातील लगतधारकाने चेंडूसह अतिक्रमणाचा प्रयत्न केला. सदर इसमाने त्यास हद्दीबाहेर काढले. त्या वेळी आरडाओरडा झाला. सदर लगतधारक जमिनीवर लोळला, परंतु त्यास काही झाल्याचे पंचांस दिसून आले नाही.’

मी पहिल्यांदा विचारलं होतं, “अप्पा, हे कशासाठी? कुणाला पाठवायचंय का?”

“कुणाला कशाला? झालेलं लिहून ठेवावं माणसानं. उद्या कुणी म्हणलं, तुमचा पोरगा तिथं न्हवताच, तर?”

असं कोण म्हणणार होतं, ते मला कळलं नाही. पण अप्पांचं आयुष्य असल्या माणसांत गेलं होतं, जी उभ्या पिकाकडे बोट दाखवून हे पीकच नाही म्हणतात. त्यामुळे मी सही केली. एकदा केली ती केलीच. मग रविवारची दुपार माझी राहिली नाही.

त्यांच्याशी माझी ओळख झाली तीच मुळी भांडणातून. आम्ही नवीन घरात राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि हे गृहस्थ पांढऱ्या बनियनवर समोर येऊन म्हणाले, “सर, तुमचं गेट चार इंच रस्त्यात हाय.” नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी म्हटलं, “नुसतं बघून कसं सांगता?” त्यावर त्यांनी खिशातून टेप काढला. बनियनला खिसा शिवून घेतलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. गेट चार इंच रस्त्यात होतं. ते अजूनही आहे, आणि अप्पा अजूनही येता-जाता त्याच्याकडे कुत्सित नजरेनं बघतात.

“जागेवर बघितल्याशिवाय बोलायचं न्हाई, आन् बघितलेलं सोडून बोलायचं न्हाई.” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवसातून चार वेळा. भाजीवाल्यालासुद्धा. बिलोलीला असताना तिथल्या एका वजनदार माणसाचा हद्दीचा दगड शेजारणीच्या शेतात सात हात घुसलेला निघाला. त्या माणसानं चहा पाजला, मग दम दिला, मग परत चहा पाजला. अप्पांनी दोन्ही चहा घेतले आणि नकाशावर सात हात लिहिले. पुढं तीन वर्षांत त्यांच्या चार बदल्या झाल्या. ही हकिगत मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या दोन चहांतला कुठला गुळाचा होता तेही मी सांगू शकतो.

बसूला त्यांनी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला घातलं होतं. पोरगं इंजिनिअर व्हायला गेलं आणि लेफ्ट बॅक होऊन परत आलं. दोन वर्षं गोव्यात, एक वर्ष बंगालात, आणि मग एका एजंटच्या मागं लागून थेट किर्गिझस्तान. अप्पांनी विरोध केला नाही. त्यांनी नकाशा काढला, पट्टी लावली आणि सांगितलं, “वेळेत अर्ध्या तासाचाच फरक हाय. काय लांब न्हाई.”

आता आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. लातुरात पोरगं जन्मलं की आई-बाप डॉक्टर आणि इंजिनिअर यांतलं एक ठरवतात, आणि इथं मार्क कमी पडले की परदेशात एमबीबीएसला पाठवतात. त्यात किर्गिझस्तान म्हणजे तर आम्हाला शेजारचा तालुका. माझ्याच क्लासची कितीतरी पोरं तिकडं आहेत. त्यामुळे मुलगा किर्गिझस्तानात आहे असं अप्पांनी म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला.

“कितव्या वर्षाला हाय?”

“फुटबॉल खेळतोय.”

“ते खेळंल हो मोकळ्या वेळात. पण कितव्या वर्षाला?”

कॉलनीतले लोक बसूसाठी साखरेचे रिपोर्ट आणून देत. एका आजींनी गुडघ्याचा एक्स-रे आणला. अप्पा तो उजेडासमोर धरून म्हणाले, “आजी, हद्द सरकलीय,” आणि परत दिला. औशाहून एक सांगून आलेलं स्थळ तर मी स्वतः पाहिलं. मुलीचे वडील फोडणीच्या मुरमुऱ्यांची, म्हणजे आमच्याकडच्या सुशीलेची, बशी हातात घेऊन ऐसपैस बसले होते. त्यांनी विचारलं, “मग दवाखाना लातुरात टाकणार का औशाला?”

“दवाखाना कशाला?” अप्पा म्हणाले. “त्येचाच गुडघा महिन्याला दवाखान्यात असतोय.”

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. अप्पांनी त्यांना लेफ्ट बॅकचं काम समजावून सांगायला सुरुवात केली आणि पाहुण्यांना अचानक बसची वेळ आठवली. जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माणूस आजारी आहे हे आधी सांगायचं होतं.

फुटबॉल अप्पांना कळतो का? त्यांच्या पद्धतीनं कळतो, आणि मला तर वाटतं बराच कळतो. चेंडू कुणाकडे आहे याला ते ताबा म्हणतात. ऑफसाईडबद्दल त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या रानात बॉलच्या आधी जाऊन उभं राहायला हे काय यांच्या बापाचं हाय का? गोल करणाऱ्यांविषयी त्यांना फारसा आदर नाही. त्यांचा जीव लाईन्समनवर. हातात झेंडी, नजर हद्दीवर, कुणाशी बोलणं नाही. तो पडद्यावर दिसला की अप्पा सावरून बसतात. “आमच्या खात्याचा मानूस,” ते म्हणतात. सामना रशियन भाषेत ऐकू येतो आणि अप्पा मध्येमध्ये मान डोलावतात. त्यांना एक अक्षर कळत नाही, पण साक्षीदार बोलत असताना मान डोलवायची त्यांना सवय आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी कहर केला. कॉलनीच्या टोकाला एक मोठी पडीक जागा आहे. क्लबच्या मैदानाची लांबी-रुंदी कुठूनशी मिळवून अप्पांनी तिथं टेप लावला, खुंट्या ठोकल्या आणि पांढऱ्या फक्कीनं अख्खं मैदान आखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं मोटरसायकलवर आली आणि कॉर्नरचा प्लॉट मागू लागली. आमच्याकडे जमिनीवर पांढरी रेघ दिसली की लोकांना प्लॉटिंगच सुचतं. अप्पा त्यांना म्हणाले, “हा कॉर्नर इकायचा न्हाई, हितनं बॉल मारतात.” माणसं म्हणाली, ठीक आहे, मग आतला दाखवा.

तेव्हापासून अप्पा रोज संध्याकाळी तिथं जातात. मला वाटायचं फिरायला. एकदा मी गाडीवरून येताना पाहिलं, तर ते डाव्या रेघेपाशी, मागच्या बाजूला, नुसते उभे होते. हात मागं बांधून, समोर बघत. मी हॉर्न वाजवला तरी हलले नाहीत. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की अप्पांचा स्क्रू ढिला झालाय. ती म्हणाली, “तो तिथंच उभा राहत असंल ना?” मी विषय बदलला.

सामना संपला, सह्या झाल्या, की अप्पा दहा मिनिटं थांबून बसूला फोन लावायचे. फोन स्पीकरवर, कारण त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं. संभाषण कायम एकाच साच्याचं.

“बसू, सदतिसाव्या मिनिटाला तू बारा फूट आत व्हतास.”

“हाव अप्पा.”

“त्यो दहा नंबरवाला तुला तिथनंच चकवतोय. मागच्या येळेलाबी सांगितलं.”

“हाव.”

“उजव्या पायानं कशाला मारलास?”

“हाव.”

“जेवलास का?”

“हाव.”

“ठेव मग.”

दोन मिनिटं. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, दोन मिनिटंसुद्धा पुरी नव्हती. अप्पांना त्याचा अभिमान होता. “आमचं पोरगं लई कमी बोलतंय. बडबड न्हाई आवडत त्याला,” असं ते स्वतः तासभर बडबडून झाल्यावर सांगायचे. आईशी मात्र तो बोलायचा, असं रज्जाकभाई म्हणाले होते. ती माउली जाऊन आठ वर्षं झाली.

यंदा वसंतात गडबड झाली. क्लबात नवा प्रशिक्षक आला, त्यानं आपल्या गावचा लेफ्ट बॅक आणला आणि बसू बाकावर बसला. आठवडेच्या आठवडे. अप्पांनी पंचनामे थांबवले नाहीत. ‘इसम नामे बसवराज हा बाकावर डावीकडून तिसरा बसलेला पंचांस दिसून आला. त्याने एकदा बुटाची नाडी बांधली.’ मी असल्याही कागदांवर सह्या केल्या आहेत. रज्जाकभाई म्हणाले, “अप्पा, इसमें क्या सही करना?” अप्पा म्हणाले, “बसलेलं दिसलं ना? मग?”

मग बसूचा दोन ओळींचा निरोप आला. करार जूनमध्ये संपतोय. नवा लेफ्ट बॅक जखमी झालाय, म्हणून येत्या रविवारी मला खेळवणार आहेत. त्या खेळावर ठरवतील, ठेवायचं की सोडायचं.

अप्पांनी तो निरोप मला तीन वेळा वाचून दाखवला. “सत्तावीस वर्षांचा झाला सर तो. हितनं सुटला तर परत कोन घेनार?” असं ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांची थट्टा सुचली नाही.

रविवारी मी क्लास दुसऱ्या सरांच्या गळ्यात मारला आणि साडेचारला हजर झालो. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. रज्जाकभाई चक्क हात धुऊन आले. भिंतीपलीकडे गिरणी चालू होती, डोक्यावर पंखा खडखडत होता, आणि टीव्हीवर हिरवंगार मैदान, त्याच्या मागं बर्फाचे डोंगर.

बसू खेळला. मला काही कळत नाही हे मी आधीच सांगितलंय, पण तो खेळला हे मलासुद्धा कळलं. दोन वेळा त्यानं घसरत जाऊन चेंडू असा काढला, की रज्जाकभाई उठून उभे राहिले. अप्पा नुसते गुडघ्यांवर हात घट्ट ठेवून, पाय आखडून बसले होते. बसू डावीकडे सरकला की तेही खुर्चीत डावीकडे सरकत. बरोबरी टिकली तरी क्लबचं भागणार होतं.

एकाहत्तराव्या मिनिटाला समोरच्या एकानं बसूच्याच बाजूनं चेंडू आत मारला. बसू आडवा झेपावला. पाय बरोबर जागी होता, एवढं मी शपथेवर सांगेन. चेंडू त्याच्या पायाला लागला, उलटा फिरला आणि त्याच्याच गोलात गेला.

समालोचन करणारा ओरडला, “बसवराज!” वर्षभर त्या बाबाला हे नाव एकदाही नीट म्हणता आलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं ते अगदी शुद्ध म्हटलं, तीन वेळा.

सामना एक-शून्यनं गेला. बसूला चौऱ्याहत्तराव्या मिनिटालाच बाहेर काढलं होतं. तो डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेला एकदा दिसला, मग कॅमेरा दुसरीकडे गेला.

अप्पांनी कागद घेतला, खाली कार्बन घातला. मी हळूच म्हटलं, “अप्पा, आज राहू द्या.” ते ऐकत नव्हते. त्यांनी सगळं लिहिलं. ‘सदर चेंडू इसम नामे बसवराज याच्या डाव्या पायास लागून त्याच्याच हद्दीत गेला.’ मी म्हटलं, “निदान वारा होता असं तरी लिहा.” ते म्हणाले, “वारा दिसला का तुम्हाला?” आम्ही दोघांनी सह्या केल्या. रज्जाकभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आज कागदावर पीठही सांडलं नाही.

दहा मिनिटं झाली. अप्पांनी फोन लावला नाही. पंधरा झाली. ते फोनकडे बघत बसले. पुढं काय व्हायचं ते मला माहीत होतं. एकाहत्तरावं मिनिट, किती फूट आत, कुठला पाय. त्या पोराला आज ते ऐकवू नये म्हणून मी अप्पांचा फोन उचलून खिशात टाकायच्या बेतात होतो.

इतक्यात तो वाजला. बसूनं आपण होऊन केलेला फोन मी कधी पाहिला नव्हता. अप्पांनी स्पीकर लावला.

“अप्पा,” तिकडून आवाज आला. “बघितलात का?”

अप्पांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. खाली आमच्या दोघांच्या ताज्या सह्या होत्या.

“न्हाई रे बाबा,” ते म्हणाले. “लाईटच गेलीय दुपारधरनं. काईच न्हाई दिसलं.”

मी कागदावरच्या माझ्या सहीकडे पाहिलं. रज्जाकभाई माझ्यापेक्षा हुशार निघाले. त्यांनी टुणकन उठून आधी पंख्याचं बटण बंद केलं. मग भिंतीकडे कान देऊन कपाळाला हात लावला. गिरणी चालू होती. गिरणीचा आवाज आला म्हणजे लाईट आहे, हे बसूला लहानपणापासून ठाऊक. “मैं चक्की बंद करके आतूं,” असं माझ्या कानात कुजबुजून ते अनवाणी पळाले. क्षणभरानं आवाज थांबला. पलीकडून एक बाई विचारत होती, “का वो भाई, लाईट हाय की!” आणि रज्जाकभाई दबक्या आवाजात म्हणत होते, “समझो नै है, भाभी. समझो नै है.”

“खरंच न्हाई बघितलं?” बसूनं विचारलं.

“खरंच. तू सांग की. काय झालं?”

मग बसू बोलायला लागला. आधी मैदान ओलं होतं, ते सांगितलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, ते सांगितलं. मग एकाहत्तरावं मिनिट आलं आणि तो रडला. सत्तावीस वर्षांचा दांडगा गडी, फोनवर हुंदके देत रडला. अप्पा म्हणाले, “हाव.” बसू म्हणाला, मी बरोबर गेलो होतो अप्पा, पाय बरोबर होता. अप्पा म्हणाले, “हाव, बरोबर असंल. लागलं न्हाई ना तुला कुठं?”

मी उठलो, तर अप्पांनी माझं मनगट धरून ठेवलं. म्हणून मी बसलो आणि सगळं ऐकलं. तुला सोडतो म्हणून क्लबवाल्यांनी कपडे बदलायच्या आतच सांगितलं. इतके आठवडे बाकावर बसून कुणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. तो पिठलं करायला शिकलाय, पण तिथलं पीठ वेगळं, गाठी होतात. बाजारात एक म्हातारी त्याला रोज भाकरीसारखं काहीतरी फुकट देते आणि आपल्या भाषेत रागावते, बहुतेक वाळला म्हणून. आईचा आवाज आता नीट आठवत नाही, असंही तो म्हणाला. अप्पा प्रत्येक वेळी “हाव” म्हणत होते. दुसरं काही नाही.

शेवटी तो म्हणाला, “अप्पा, खालच्या लीगमधला एक क्लब विचारतोय. पन घरीबी यावं वाटतंय. लोक हसतील का? ना डॉक्टर झाला, ना काय.”

“लोकांचं मी बघतो,” अप्पा म्हणाले. “तू ये. राहा. खेळायला जावं वाटलं तर जा परत. कोन अडवतंय?”

मग दोघांनाही फोन ठेवता येईना. तुम्ही ठेवा अप्पा, तू ठेव रे, असं चार वेळा झालं. शेवटी तिकडूनच बंद झाला. चाळीस मिनिटं झाली होती. रज्जाकभाई दारात उभे होते, आणि त्यांच्या मागं दळणाचे डबे घेऊन तीन-चार बाया.

अप्पांनी फोन हलकेच टेबलावर ठेवला. सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसला. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाले,

“सर, पोरगं लई बोलतंय की वो. मला म्हाईतच नव्हतं.”